न पडलेल्या डोंगराचा मेमो

सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, आपल्या वॉर्ड ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे माजी कर्मचारी श्री. दिगंबर हे दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कोणतीही पूर्वसूचना न देता व वरिष्ठांची लेखी परवानगी न घेता निधन पावले आहेत. तरी नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. प्रशासन सज्ज आहे.

कसं वाटलं, दिगू? मी जीपच्या भोंग्यावरून म्हणायचो तसंच लिहिलंय, 'सज्ज'वर जोर देऊन. तू असतास तर कपाळाला हात लावून म्हणाला असतास, "पाटकर, तू माणसांना वाचवायला आलायस की तिकिटं विकायला?"

आपलं सगळं भांडण याच एका वाक्यात होतं, आणि ते अर्धंच राहिलं. तू गेलास त्या दिवशी डब्यात भेंडी होती म्हणे. एक घास खाल्लास, पाण्याच्या बाटलीकडे हात नेलास, आणि संपलं. खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला माणूस आत वाकून म्हणाला, "साहेब, लंच टाइम संपला." तुला हे फार आवडलं असतं. मी तुला रंगवून सांगितलं असतं, तू पोट धरून हसला असतास आणि वर म्हणाला असतास, "बरोबर आहे त्याचं, दोन वाजून गेले असतील."

मी परवाना विभागातला. दुकानांच्या पाट्या तपासणारा. पण एकांकिका स्पर्धांतून कमावलेला आवाज होता, म्हणून दर पावसाळ्यात मला तुमच्या कक्षाला उसना दिला जायचा, ताडपत्री आणि दोरखंड देतात तसा. तू मुलुंडहून यायचास, मी बोरीवलीहून. तू माझ्या आधी अर्धा तास पोचलेला असायचास आणि टेबलावर वॉर्डातल्या टेकडीवरच्या वस्तीचा नकाशा पसरलेला असायचा. नकाशा म्हणजे तूच काढलेला, चुकलेल्या प्रमाणाचा, त्यात पायऱ्या घरांपेक्षा मोठ्या. "पायऱ्याच महत्त्वाच्या आहेत रे," म्हणायचास. "घर पडलं तर पडलं. पायरी सापडली पाहिजे."

टेकडीवर तुला कोणी दिगंबर म्हणत नव्हतं. तू आपत्ती खात्यातला, म्हणून 'आपत्तीसाहेब'. तू पायऱ्या चढायला लागलास की खालच्या गल्लीतून वर आरोळी जायची, "आपत्ती आली गो," आणि वर चहाचं आधण ठेवलं जायचं. असं स्वागत झालेली आपत्ती मी दुसरी पाहिली नाही.

ऑफिसची पद्धत साधी होती. मे महिन्यात टेकडीवरच्या प्रत्येक दारावर नोटीस चिकटवायची: आपलं घर धोकादायक आहे, आपण स्वतःहून स्थलांतर करावं, न केल्यास होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. कुठे जायचं ते नोटिशीत नसायचं. लोक ती नोटीस सांभाळून काढायचे आणि मांडणीतल्या डब्यांखाली पसरायचे, कारण कागद जाड असायचा. पहिल्या वर्षी तू टेकडीवरच्या सुशीलाकाकीच्या घरात डबा उचलून खालची नोटीस वाचलीस आणि मला म्हणालास, "ही नोटीस ह्यांना वाचवायला नाहीये. आपल्याला वाचवायला आहे." मी म्हटलं, "मग काय वाईट? आपणही माणसंच आहोत." तेव्हा तू हसला होतास. पुढे हसणं बंद केलंस.

तू नोटिशी चिकटवल्यास, सह्याही घेतल्यास. पण त्यांच्या आडून दुसरंच काम सुरू केलंस. सुशीलाकाकीच्या पत्र्यावर तेलाचा कापलेला डबा बांधलास आणि त्यात दोन रेघा मारल्यास. पांढऱ्या रेघेला पाणी आलं की कागदपत्रं पिशवीत भरायची. लाल रेघेला आलं की उतरायचं, कोणाला विचारायचं नाही. आणि जोड्या लावल्यास. ज्याला चालवत नाही, दिसत नाही, जी बाळंतीण आहे, त्या प्रत्येकाला एक धडधाकट माणूस नेमून दिलास. निघताना आधी त्याच्या दारात जायचं, मग स्वतःच्या सामानाकडे बघायचं. ह्याला तुम्ही 'आपला माणूस' म्हणायचात. टेकडीवरच्या बायका भांडतानासुद्धा म्हणायच्या, "माझ्या माणसाला काही बोलायचं नाही," आणि तो माणूस म्हणजे शेजारची लकवा झालेली म्हातारी असायची. ही जोड्यांची वही तू दर मे महिन्यात घरोघर फिरून नव्याने लिहायचास. कोण मेलं, कोण जन्मलं, कोणाचा गुडघा गेला, कोण भाड्याने नालासोपाऱ्याला गेलं. ऑफिसच्या कुठल्याच फॉर्ममध्ये ह्या वहीला रकाना नव्हता.

आणि मी भोंगा धरायचो. मी यमकं जुळवायचो. "ताई, माई, अक्का, डोंगर नाही पक्का." पोरं जीपमागे धावायची, म्हातारे दारात येऊन बसायचे. मला वाटायचं, झकास चाललंय. तू एकदा घोषणा संपल्यावर माझ्या हातातून माईक काढून घेतलास आणि बंद केलास. "तू बोलतोस तेव्हा माणसं दारात येऊन उभी राहतात, पाटकर. मला ती दाराच्या बाहेर हवीयत."

"दारात तरी येतात ना. तू बोललास तर झोपतील."

"घाबरली पाहिजेत."

"घाबरलेला माणूस दार लावून घेतो, दिगू. हसणारा उघडतो."

त्यावर तू वही उघडून पुढच्या दाराकडे गेलास. तुला हरवलं असं मी तेव्हा चारचौघांत सांगितलं. खरं म्हणजे मलाच खात्री नव्हती.

मग ती तीन वर्षांपूर्वीची जुलैतली दुपार. सुशीलाकाकीचा फोन आला, डबा लाल रेघेला टेकला. तू साहेबांना फोन केलास. साहेब बैठकीत होते. लेखी आदेश येईपर्यंत थांबायला सांगितलं. दुसऱ्यांदा केलास, तेच. आपण जीपमध्ये बसलो, टेकडीच्या पायथ्याशी आलो, तिसऱ्यांदा केलास, कोणी उचलला नाही. चौथ्यांदा करताना फोन स्पीकरवर होता, कारण तुझे हात भिजलेले होते आणि तू तो गुडघ्यावर ठेवला होतास. मी तुझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं. साहेब म्हणाले, "अरे दिगंबर, तुला वाटतंय ना, मग उतरव त्यांना. फक्त माझं नाव कुठे यायला नको."

तू फोन खिशात टाकलास आणि मला म्हणालास, "बोल. यमक नको."

मी बोललो. वरच्या तिन्ही गल्ल्या, आपापला माणूस घेऊन शाळेत या. एवढंच, सात-आठ वेळा. आणि दिगू, मी आयुष्यात इतकं चांगलं काम रंगमंचावर कधी केलं नाही. लोक उतरले. पाठीवर म्हातारे, कडेवर पोरं, एकाच्या खांद्यावर चक्क शिलाई मशीन. तू पायरीवर उभा राहून वहीतल्या जोड्यांवर खुणा करत होतास आणि पावसाने शाई ओघळत होती.

अर्ध्या तासात पाऊस थांबला. चार वाजता ऊन पडलं. धुतल्यासारखं स्वच्छ, निर्लज्ज ऊन. डोंगर जागच्या जागी होता, उलट जरा हिरवा दिसत होता.

शाळेत तीन तास बसलेली माणसं चिडली. कोणाची कामावरची पाळी चुकली होती, कोणाचा गॅसवरचा टोप जळला होता, एकीचा कुकर चोरीला गेला होता. स्थानिक पुढारी आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "डोंगर कुठे पडला, दाखवा." तू म्हणालास, "पडला नाही, हे चांगलंच आहे ना?" कोणालाही ते चांगलं वाटलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला माहीत असणारच, ऑफिसच्या भिंतींना कान असतात आणि कँटीनला जीभ. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी तुझी नक्कल केली. दिगू डोंगराकडे बघतोय, घड्याळाकडे बघतोय, परत डोंगराकडे, आणि हळूच म्हणतोय, "पड ना रे, चार वाजले." हशा. टेबलं बडवली लोकांनी. मला पुन्हा करायला लावली, लेखा विभागाची माणसं आली तेव्हा पुन्हा. आठवडाभर मी ती केली. तू जिन्यावरून येताना दिसलास की कोणीतरी पुटपुटायचं, "पड ना रे." माझं सगळ्यात गाजलेलं काम ते. त्यासाठी पडदा लागला नाही, दिग्दर्शक लागला नाही, फक्त एक मित्र लागला.

मग चौकशी. वरिष्ठांच्या आदेशाविना नागरिकांचे स्थलांतर केले व घबराट पसरवली, असा तुझ्यावर मेमो. साक्षीदार एकच, भोंगेवाला. मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब स्वतः बसले होते, खुर्ची दिली, चहा मागवला. मी लिहून दिलं: मला लेखी आदेश मिळाला नव्हता, घोषणा श्री. दिगंबर यांच्या तोंडी सांगण्यावरून केली. हे अक्षरशः खरं होतं. मग साहेबांनी चमच्याने चहा ढवळत विचारलं, "फोनचं काही आठवतं का, पाटकर?"

मी म्हटलं, "नाही सर. इंजिनाचा आवाज होता."

त्यांनी मान हलवली. "असणारच," म्हणाले. "जुन्या जीप." आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं. त्या वेळी मला कोणी धमकावलं नव्हतं, हे तुला सांगायला हवं. बढती दाखवली नव्हती, बदलीची भीती घातली नव्हती. नुसती खुर्ची दिली होती. मी इतका स्वस्त असेन असं मला वाटलं नव्हतं.

तुला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आणि टेकडीवर जायला मनाई केली. मी भीत भीत भेटायला आलो. तू शाईचा पॅड नीट करत होतास. "बरं आहे इथे," म्हणालास. "इथे येणाऱ्याला घाई करावी लागत नाही." मी हसलो. तू हसला नाहीस. मेमोबद्दल तू विचारशील म्हणून मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो. तू विचारलं नाहीस. ती तीन वाक्यं अजून पाठ आहेत.

त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात जोड्यांची वही कोणी लिहिली नाही. नवा माणूस हुशार होता, त्याने टॅबवर टेकडीची सुंदर रंगीत यादी केली: घरं किती, नोटिशी किती, सह्या किती. माणसाला माणूस नव्हता.

आणि पावसाळ्यात एका सकाळी दहाच्या सुमारास मी पायथ्याशी जीपमध्ये बसलो होतो. हातात माईक, इंजिन चालू, लेखी आदेशाची वाट बघत. नवा माणूस बाजूला बसून फोनची स्क्रीन पुसत होता. तेवढ्यात वरून लोक उतरताना दिसले. कोणी काही न सांगता. सुशीलाकाकी पुढे होती, तिच्या पाठीवर तिचा माणूस, म्हणजे ती लकव्याची म्हातारी. जीपजवळून जाताना थांबलीसुद्धा नाही. "पाटकरानू, तुमी चाय पिवन घेवा. आमका डब्यान सांगल्यान, आमी चल्लव."

अख्खी टेकडी माझ्या बंद माईकसमोरून गेली. पंधरा-वीस मिनिटांनी वरची गल्ली खाली आली, मातीसकट, पत्र्यासकट. तो आवाज मला करून दाखवता येत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही.

सगळे वाचले, काशीनाथआजा सोडून. आजाला दिसत नव्हतं. त्याचा माणूस दीपक, गल्लीच्या तोंडाला राहणारा, मार्चमध्ये लग्न करून विरारला गेला होता. आजा पिशवी भरून, चपला घालून उंबऱ्यावर बसला असणार, कारण तसाच सापडला. शेजाऱ्यांना वाटलं दीपक घेऊन गेला. तू कक्षात असतास तर मे महिन्यात दीपकच्या नावावर काट मारून दुसरं नाव लिहिलं असतंस. दोन मिनिटांचं काम. ते होऊ नये म्हणून एक सही लागली होती, आणि ती माझी होती.

मृत्यूची नोंद करायला त्याच्या पुतण्याबरोबर मी आलो. खिडकीत तू. फॉर्म समोर घेतलास. नाव तू विचारलं नाहीस, वय विचारलं नाहीस, पत्ता गल्लीतल्या पायरीसकट लिहिलास. एका जागी पेन थांबलं. "वडिलांचं नाव काय रे त्यांच्या?" पुतण्याने सांगितलं, तू लिहिलंस. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "तू खाली होतास ना?"

"हो."

"इंजिन चालू होतं?"

"हो."

"बरं," म्हणालास, आणि शिक्का मारलास.

मी आजपर्यंत त्या 'बरं'चे अर्थ लावतोय. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं, रे. मी तिची नक्कल करून मोकळा झालो असतो.

चार दिवसांनी बातमी आली की प्रशासनाने वेळीच केलेल्या उपाययोजनांमुळे मोठी दुर्घटना टळली. साहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. सत्काराचं सूत्रसंचालन कोणी केलं हे तुला सांगायला नको. माझ्याइतका चांगला आवाज दुसऱ्या कोणाचा आहे? 'एकही क्षण न दवडता' या शब्दांवर मी जो विराम घेतला, त्याला टाळ्या पडल्या.

तुझ्यावर रागही आहे माझा, तो सांगून टाकतो. तू का नाही भांडलास? चार फोन केले होतेस, त्याचा छापील हिशेब कंपनीकडून काढता आला असता. मला कॉलर धरून केबिनमध्ये नेता आलं असतं. तू मात्र मेमोवर 'मिळाला' असं लिहून सही केलीस आणि खिडकीत जाऊन बसलास. मला वाटतं, मी आपणहून बोलेन याची तू वाट बघत होतास. तीन वर्षं. दिगू, तू आयुष्यभर लोकांना सांगितलंस की आदेशाची वाट बघू नका, आणि स्वतः बसलास एका नटाच्या भरवशावर.

तेराव्याला मुलुंडला तुझ्या घरी गेलो. नलूवहिनी रडत नव्हत्या. त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात तुझ्या सेवापुस्तकाची झेरॉक्स होती. "भावजी, तो मेमो तसाच राहणार का हो?" मी म्हटलं, माणूस गेल्यावर कोण बघतं. त्या म्हणाल्या, "मुलगी बघणार ना. तिने विचारलं, बाबांनी काय केलं होतं? मी सांगितलं, लोकांना उतरवलं होतं. ती म्हणाली, मग मेमो कशाला?" मी चहाचा कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही होता ना बरोबर. तुम्हाला माहीत असेल." आणि खरंच फक्त विचारत होत्या. तू त्यांना माझं नाव सांगितलंच नव्हतंस. मला तिथे, तुझ्या फोटोसमोर, तुझा इतका संताप आला.

काल ऑफिसात तुझी शोकसभा झाली. वरच्या मजल्याचा हॉल, खुर्चीवर तुझा फोटो, ओळखपत्रावरचा वाढवलेला, त्यामुळे तू संशयित दिसत होतास. दोन मिनिटं शांतता, ती चाळीस सेकंदांत आटोपली. वहिनी आणि मुलगी पहिल्या रांगेत. टेकडीवरून दहा-बाराजण आले होते, सुशीलाकाकी मागे भिंतीला टेकून उभी. साहेब बोलले. दिगंबर म्हणजे शिस्त, म्हणाले. दिगंबर म्हणजे नियम. वरिष्ठांच्या आदेशाबाहेर त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. बाजूला आस्थापनेतले कदम शोकप्रस्तावासाठी सगळं लिहून घेत होते. मी मुलीकडे बघितलं. ती साहेबांकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर तुझी ती आठी होती.

मग माझं नाव पुकारलं. सभागृह खुर्च्यांत रेलून बसलं. पाटकर बोलणार म्हटल्यावर लोक शोकसभेतही जरा सुखावतात. मी माईक हातात घेतला, आणि सवय ही अशी की पहिल्यांदा तुझी नक्कलच केली, नकाशातल्या पायऱ्यांची. हसले सगळे. वहिनीसुद्धा. इथेच थांबून नमस्कार करून उतरायचं, असं माझे पाय म्हणत होते.

मी म्हटलं, "आता एक उरलेलं सांगतो. मेमोच्या चौकशीत मी सांगितलं होतं की फोनवर काय झालं ते मला ऐकू आलं नाही, इंजिनाचा आवाज होता. इंजिन बंद होतं. पाऊससुद्धा बोलण्यापुरता कमी झाला होता. दिगूने चार वेळा विचारलं, आणि चौथ्यांदा त्याला सांगण्यात आलं, तुला वाटतंय ना, मग उतरव त्यांना, फक्त माझं नाव कुठे यायला नको. हे कोण म्हणालं ते इथे बसलेत. मी खोटं बोललो, मेमो खोटा आहे, आणि काशीनाथआजाला न्यायला कोणी आलं नाही, ते त्यामुळे."

विराम घेतला नव्हता, दिगू. यमक नव्हतं. तरी कोणी जागचं हललं नाही. काही जण अजून हसण्याच्या तयारीत होते, शेवटी काहीतरी गंमत येईल म्हणून. नलूवहिनींनी मुलीचा हात धरला. साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते खुर्चीत बाजूला वळले, आणि तुझ्या फोटोच्या हारावरून हात पुढे करून म्हणाले, "कदम, हे इतिवृत्तात घेऊ नका."